उघडलेला कोड आणि अर्धी प्रयोगशाळा : ‘आरोग्य सेतू’च्या आधारे मोबाइल सुरक्षा-चाचणीच्या मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

मोबाइल ॲप तयार करण्यासाठी आणि त्याची सुरक्षा तपासण्यासाठी संगणक कसा सज्ज करावा, यावरच्या टिपणांची कमतरता नाही. बहुतेकांचा साचा ठरलेला असतो. अँड्रॉइड स्टुडिओ उतरवून घ्या, इम्युलेटर सुरू करा, आभासी यंत्रात काली लिनक्स बसवा, आणि त्यानंतर दहा-पंधरा साधनांची यादी. दोन दिवस खटपट करून विद्यार्थी सगळे बसवतो आणि मग विचारतो, ‘‘सर, आता तपासायचं काय?’’ या प्रश्नाचे उत्तर यादीत नसते.

प्रस्तुत टिपणात आपण उलट्या बाजूने सुरुवात करणार आहोत. आधी एक खरे ॲप घेऊ, त्याच्याविषयी लोकांनी विचारलेले खरे प्रश्न घेऊ, आणि ते प्रश्न सोडवायला विद्यार्थ्याच्या टेबलावर नेमके काय असायला हवे होते ते पाहू. ॲप आहे ‘आरोग्य सेतू’. त्याचा सोर्स कोड सरकारने २०२० मध्ये जाहीर केला, म्हणजे एका अर्थाने देशभरच्या विद्यार्थ्यांना तपासणीचे निमंत्रणच दिले. ते निमंत्रण कितपत खरे होते, याची चिकित्सा हा या टिपणाचा विषय आहे.

१. पार्श्वभूमी : दिल्ली, गुरुग्राम, नोएडा

‘आरोग्य सेतू’ २ एप्रिल २०२० रोजी सुरू झाले. दिल्लीतील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, ही त्यामागची शासकीय संस्था. गुरुग्राममधील काही खासगी कंपन्यांच्या तंत्रज्ञांचाही ते बांधण्यात हातभार होता. ॲपचे मुख्य काम संपर्क-शोधाचे. दोन फोन जवळ आले की ब्लूटूथवरून त्यांनी परस्परांची नोंद ठेवायची, आणि पुढे एखादा वापरकर्ता बाधित निघाला तर आधीच्या नोंदींवरून त्याच्या संपर्कातील लोकांना सावध करायचे. जोडीला जीपीएसवरून ठिकाणाची नोंद होत असे.

मे महिन्याच्या सुरुवातीला चित्र बदलले. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १ मेच्या आदेशाने कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी ॲप सक्तीचे झाले. नोएडात पोलिसांनी त्याच्याही पुढे जाऊन, घराबाहेर पडलेल्या व्यक्तीच्या स्मार्टफोनवर हे ॲप नसेल तर तो भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हा ठरेल, असे जाहीर केले. १७ मेच्या आदेशात केंद्राने कर्मचाऱ्यांबाबतची भाषा सौम्य केली, पण प्रश्न उभा राहिला होता. जे ॲप फोनवर नसल्याबद्दल शिक्षा होऊ शकते, ते आत काय करते हे नागरिकाला तपासता यायला नको का?

२६ मे २०२० रोजी अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड गिटहबवर ठेवल्याची घोषणा झाली. त्या वेळी वापरकर्ते साडेअकरा कोटींच्या घरात होते आणि त्यांपैकी सुमारे ९८ टक्के अँड्रॉइडवर होते. आयफोनच्या आवृत्तीचा कोड दोन आठवड्यांत आणि सर्व्हरचा कोड त्यानंतर देऊ, यापुढील प्रत्येक बदलही याच भांडारातून उपलब्ध होईल, असे सांगण्यात आले. त्रुटी शोधणाऱ्यांसाठी एक लाख रुपयांपर्यंतची बक्षिसेही होती.

२. चिकित्सेचा निकष

कोड वाचायला मिळाला म्हणजे ॲप तपासता आले, असे आपण सहज धरून चालतो. सुरक्षा-चाचणीत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तपासता येण्यासाठी निदान तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात.

पहिली अट बांधणीची. जाहीर केलेल्या कोडपासून चालते ॲप स्वतःच्या संगणकावर तयार करता आले पाहिजे. दुसरी अट जुळणीची. प्ले स्टोअरवरून लोकांच्या फोनवर गेलेले ॲप याच कोडपासून बनले आहे, हे ताडून पाहता आले पाहिजे. तिसरी अट दोन्ही टोकांची. फोनमधला भाग आणि सर्व्हरवरचा भाग मिळून एक व्यवस्था होते, तेव्हा दोन्हींचे वर्तन पाहता आले पाहिजे.

निकष लावताना डोळ्यांपुढे मोठ्या कंपनीतला तज्ज्ञ ठेवू नका. नोएडात किंवा नांदेडमध्ये दुसऱ्या वर्षाला शिकणारी, ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर काम करणारी विद्यार्थिनी ठेवा. तिला ही तपासणी करता आली, तरच ‘खुला’ या शब्दाला अर्थ आहे.

३. पहिला अडथळा : रॅम आणि ब्लूटूथ

यंत्रसामग्रीपासून सुरुवात करू. अँड्रॉइड स्टुडिओ एकटे चालवायला ८ जीबी रॅम लागते. सोबत इम्युलेटर चालवायचा तर अधिकृत अपेक्षा १६ जीबीची आहे. त्यात काली लिनक्सचे आभासी यंत्र सुरू केले की ८ जीबीचा लॅपटॉप जागच्या जागी बसतो. आपल्या विद्यार्थिनीने काय करावे? दिल्लीत असेल तर नेहरू प्लेसला जाऊन रॅमची जादा पट्टी आणि एसएसडी बसवून घेता येईल. तेही जमत नसेल तर इम्युलेटरच सोडून द्यावा आणि यूएसबी केबलने खरा फोन जोडावा. फोनच्या माहिती-पानावरील बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यांतले यूएसबी डिबगिंग चालू केले की संगणकावरील एडीबी हे साधन फोनशी बोलू लागते. जेवढा भार फोन उचलतो तेवढा लॅपटॉप मोकळा होतो.

इथे प्रचलित टिपणांतला पहिला दोष दिसतो. त्यांच्यात इम्युलेटर हा राजमार्ग आणि खरा फोन ही गरिबाची सोय, असा सूर असतो. ‘आरोग्य सेतू’च्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. २०२० मध्ये अँड्रॉइडच्या अधिकृत इम्युलेटरला ब्लूटूथच नव्हते. म्हणजे ३२ जीबी रॅमचे महागडे यंत्र असले, तरी ॲपचे मुख्य काम त्यावर दिसलेच नसते. अलीकडच्या इम्युलेटरमध्ये आभासी ब्लूटूथची सोय काही प्रमाणात आली आहे. पण दोन खऱ्या फोनांमधले अंतर, भिंत, खिसा आणि बॅटरी यांचा परिणाम तिथे कळत नाही. या ॲपसाठी खरी प्रयोगशाळा म्हणजे दोन जुने अँड्रॉइड फोन.

आता त्या काळातला सर्वांत महत्त्वाचा तांत्रिक आक्षेप पाहा. नोंदणीच्या वेळी सर्व्हर प्रत्येक वापरकर्त्याला एक डिजिटल ओळखक्रमांक देत असे, आणि जवळच्या फोनांशी त्याची देवाणघेवाण होत असे. हा क्रमांक वारंवार बदलत नसल्याने, ब्लूटूथ ऐकणारा कुणीही त्यावरून माणसाचा माग काढू शकेल, असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे होते. तुलनेसाठी, ॲपल आणि गूगल यांनी त्याच वर्षी दिलेल्या पद्धतीत प्रक्षेपित होणारा क्रमांक साधारण दहा ते वीस मिनिटांनी बदलत असे. सिंगापूरच्या ‘ट्रेसटुगेदर’मध्येही तात्पुरते क्रमांक वापरले होते.

हा आक्षेप पडताळायला काय लागले असते? एका फोनवर ॲप, दुसऱ्यावर ‘एनआरएफ कनेक्ट’सारखे मोफत ब्लूटूथ स्कॅनर, आणि वही. आत्ता दिसलेला क्रमांक लिहून ठेवायचा, तासाभराने पुन्हा पाहायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा. फोन रूट करावा लागत नाही, काली लागत नाही. फोन दोन्ही स्वतःचे, त्यामुळे कायद्याचीही अडचण नाही. सर्वांत मोठा प्रश्न सर्वांत स्वस्त मांडणीत सुटण्यासारखा होता. साधनांच्या यादीपासून सुरुवात करणाऱ्याला हे कधीच सुचणार नाही, कारण त्याने प्रश्न विचारलेलाच नसतो.

४. दुसरा अडथळा : बांधणी आणि जुळणी

समजा, विद्यार्थिनीने कोड उतरवून घेतला. आजची बहुतेक ॲप्स फायरबेससारख्या बाहेरच्या सेवांवर अवलंबून असतात. त्यांच्या जोडणीच्या फाइली, गुप्त किल्ल्या आणि ॲपवर सही करण्याची किल्ली जाहीर भांडारात ठेवत नाहीत, आणि ठेवूही नयेत. यासाठी एनआयसीला दोष देता येणार नाही. ऑगुस्त केर्कहोफ्स यांनी १८८३ मध्ये मांडलेले तत्त्व आपण अभ्यासक्रमात शिकतोच : व्यवस्थेची रचना शत्रूला कळली तरी चालेल, फक्त किल्ली गुप्त राहिली पाहिजे. तेव्हा किल्ल्या वगळून रचना उघड करणे हे शास्त्राला धरूनच होते. विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने फायरबेसमध्ये चाचणीपुरता प्रकल्प काढावा, त्याची फाइल जोडावी आणि डिबग सहीने ॲप बांधावे.

पण खरी अडचण इथून पुढे सुरू होते. बांधलेले ॲप उघडले की ते नोंदणीसाठी सर्व्हर शोधते, आणि सर्व्हरचा कोड तर मे महिन्यात मिळालेलाच नव्हता. शिवाय पडद्यावर दिसणारा बराचसा भाग हा ॲपच्या आतल्या ब्राउझर-खिडकीत सर्व्हरवरून येणारी वेबपाने होता. जी पाने वापरकर्ता रोज पाहतो, तीच जाहीर कोडमध्ये सापडत नाहीत. सर्व्हरचा कोड खुला केल्याची घोषणा नोव्हेंबर २०२० मध्ये झाली. म्हणजे साथीच्या पहिल्या लाटेचा जोर ओसरेपर्यंत तपासणाऱ्याच्या हाती पुलाचे एकच टोक होते.

सिंगापूरशी तुलना केली तर फरक लक्षात येतो. तिथल्या सरकारने एप्रिल २०२० मध्येच ‘ओपनट्रेस’ या नावाने दोन्ही मोबाइल आवृत्त्यांसोबत सर्व्हरकडील भागाचाही नमुना-कोड जाहीर केला होता. कोणत्याही विद्यापीठाला पूर्ण व्यवस्था स्वतःच्या खोलीत उभी करता येईल, असा तो संच होता.

जुळणीची अट याहून कठीण. प्ले स्टोअरवरील एपीके आणि आपण बांधलेली एपीके या सारख्याच कोडच्या आहेत, हे सिद्ध करण्यासाठी ‘पुनरुत्पादनक्षम बांधणी’ नावाची पद्धत आहे. तीत कंपायलरची आणि साधनांची नेमकी आवृत्ती ठरवून दिलेली असते, त्यामुळे सही वगळता दोन्ही फाइली बाइट-बाइट जुळतात. ‘सिग्नल’ या संदेश-ॲपने अँड्रॉइडसाठी ही सोय २०१६ पासून दिली आहे. तेव्हा २०२० मध्ये ती अज्ञात नव्हती. ‘आरोग्य सेतू’च्या बाबतीत अशी सोय नव्हती, आणि भांडारातला कोड प्ले स्टोअरवरील नव्या आवृत्त्यांच्या मागे राहतो, अशी तक्रार पुढे होत राहिली. विद्यार्थ्याच्या हाती उरते ती ढोबळ तुलना. प्ले स्टोअरची एपीके ‘जेडॅक्स’ या साधनाने उलगडायची, जाहीर कोडशेजारी ठेवायची आणि मॅनिफेस्ट फाइलमधल्या परवानग्या, वर्गांची नावे व सर्व्हरचे पत्ते ताडून पाहायचे. याने खात्री होत नाही, पण विसंगती असेल तर ती दिसते. कष्टाचे आहे, तरी ८ जीबीच्या लॅपटॉपवर होण्यासारखे आहे.

५. मे २०२० चा खरा तपास

कोड जाहीर होण्याच्या तीन आठवडे आधीच या ॲपचा सर्वांत गाजलेला तपास होऊन गेला होता, हे लक्षात घ्या. फ्रान्समधील सुरक्षा-संशोधक रोबेर बाप्तिस्त, जे ‘एलियट अल्डरसन’ या टोपणनावाने लिहीत, त्यांनी ५ मे रोजी त्रुटी सापडल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडेच दिले : पंतप्रधान कार्यालयाच्या परिसरात अस्वस्थ वाटणारे पाच, लष्करी मुख्यालयात दोन, संसदेत एक बाधित, गृह मंत्रालयात तीन बाधित. ही सगळी ठिकाणे दिल्लीतली, आणि पाहणारा माणूस हजारो किलोमीटर दूर.

हे कसे शक्य झाले? ‘माझ्या आसपास किती लोक बाधित आहेत’ हे दाखवण्यासाठी ॲप सर्व्हरला अक्षांश, रेखांश आणि त्रिज्या पाठवत असे. सर्व्हर तो पत्ता खरा मानून उत्तर देई. फोन प्रत्यक्षात तिथे आहे की नाही, हे सर्व्हरला कळण्याचा मार्ग नव्हता. सरकारचे उत्तर असे होते की, त्रिज्या ५०० मीटर ते १० किलोमीटर यांदरम्यानच्या पाच ठरावीक पर्यायांपुरतीच मर्यादित आहे, ही माहिती अन्यथाही गोपनीय नाही, आणि कोणाही व्यक्तीची खासगी माहिती धोक्यात आल्याचे सिद्ध झालेले नाही.

दोन्ही बाजू वाचल्यावर आपला निष्कर्ष काय असावा? व्यक्तीचे नाव फुटले नव्हते, हे खरे. पण कोणत्याही ठिकाणाचा आकडा कुठूनही विचारता येणे आणि एकमेकांवर येणाऱ्या वर्तुळांची वजाबाकी करून क्षेत्र लहान करत जाणे, ही शक्यता शिल्लक होती. विरळ वस्तीत एकच बाधित असेल तर आकडासुद्धा नावासारखाच बोलतो. ज्यांच्या गल्लीत त्या काळी दारावर विलगीकरणाचा कागद चिकटवला होता, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

या तपासासाठी लागणारी मांडणी पाहू. ॲप आणि सर्व्हर यांच्यातील वाहतूक वाचण्यासाठी संगणकावर ‘बर्प’ किंवा ‘मिटमप्रॉक्सी’ चालवतात आणि फोनची वाहतूक त्यातून वळवतात. इथे पुष्कळ विद्यार्थी अडकतात. प्रॉक्सीचे प्रमाणपत्र फोनमध्ये बसवूनही ॲपची वाहतूक दिसत नाही, आणि मग सबंध संध्याकाळ सेटिंग उलटसुलट करण्यात जाते. कारण साधे आहे. अँड्रॉइड ७ पासून ॲप्स वापरकर्त्याने स्वतः बसवलेल्या प्रमाणपत्रांवर मुळातच विश्वास ठेवत नाहीत. शिवाय काही ॲप्स ठरावीक प्रमाणपत्राखेरीज दुसरे स्वीकारत नाहीत आणि रूट केलेल्या फोनवर चालायला नकार देतात. ‘आरोग्य सेतू’मध्ये असे अडसर होते, आणि बाप्तिस्त यांनी ते बाजूला सारले.

विद्यार्थ्यासाठी सोपी वाट वेगळी आहे. ज्या ॲपचा कोड आपल्याकडे आहे, त्याच्या नेटवर्क-सुरक्षा फाइलमध्ये फक्त डिबग आवृत्तीपुरता वापरकर्त्याच्या प्रमाणपत्रावर विश्वास जाहीर करावा आणि ॲप पुन्हा बांधावे. इम्युलेटर वापरत असाल तर ‘गूगल प्ले’ असे लिहिलेली प्रतिमा न घेता ‘गूगल एपीआय’ची प्रतिमा घ्या, पहिलीवर रूट मिळत नाही, दुसरीवर मिळतो. खुल्या कोडचा हा खरा फायदा आहे. कुलूप फोडण्यात वेळ न घालवता आत काय चालते ते पाहता येते.

६. परवानगीचा प्रश्न

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बाप्तिस्त यांनी जे केले ते वर्गात जसेच्या तसे करून पाहू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणक-व्यवस्थेत प्रवेश करणे हे नुकसानभरपाईस पात्र आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘मी शिकण्यासाठी केले’ असे म्हटले की आपोआप सूट मिळेल, अशी तरतूद त्यात नाही. बक्षीस-योजना ही त्या योजनेच्या अटींपुरतीच परवानगी असते. अटींबाहेर काही आढळले तर दिल्लीतील सर्ट-इन या शासकीय संस्थेकडे कळवण्याची रीत आहे.

म्हणूनच सर्व्हरचा कोड उशिरा येणे ही कागदोपत्री त्रुटी नव्हती. सर्व्हर हाती असता, तर विद्यार्थिनीने तो स्वतःच्या लॅपटॉपवर चालवला असता, इम्युलेटरमधून १०.०.२.२ या पत्त्याने त्याला गाठले असते (इम्युलेटरच्या दृष्टीने हा यजमान संगणकाचा पत्ता), खोटे अक्षांश-रेखांश पाठवून बाप्तिस्त यांचा दावा घरबसल्या पडताळला असता. तसे होऊ शकले नाही. पर्याय दोनच उरले : चालू सरकारी सर्व्हरवर प्रयोग करून कायद्याची जोखीम घ्यायची, किंवा परदेशी संशोधकाच्या आणि सरकारच्या शब्दांपैकी एकावर विश्वास ठेवायचा. नागरिकाला विश्वास ठेवावा लागू नये, हाच तर कोड खुला करण्याचा हेतू होता.

७. मूल्यमापन

तीन अटींवर हिशेब मांडू. बांधणी : मर्यादित प्रमाणात शक्य, तीही चालत्या सर्व्हरविना. जुळणी : खात्रीने शक्य नाही. दोन्ही टोके : गरज होती त्या महिन्यांत नाही.

तरीही ही घटना केवळ अपयश म्हणून नोंदवणे न्यायाचे होणार नाही. एवढ्या मोठ्या शासकीय ॲपचा कोड, तेही साथ चालू असताना, जाहीर व्हावा ही आपल्याकडे नवी गोष्ट होती. त्या कोडमुळे पुष्कळ विद्यार्थ्यांना खरे, लाखोंच्या हातातले ॲप आतून कसे दिसते हे प्रथमच वाचता आले. परवानग्या, ब्लूटूथ सेवा, स्थानिक साठवण यांची मांडणी पाठ्यपुस्तकातल्या ‘नमस्कार जग’पेक्षा कितीतरी अधिक शिकवते. संपर्क-शोधाची सोय आता बंद झाली असली, तरी अभ्यासाचा नमुना म्हणून तिचे मोल कायम आहे.

दोष दोन्हीकडे सारखाच आहे. शासनाने कोड टाकला, पण तो तपासणाऱ्याच्या टेबलाचा विचार केला नाही. आपली टिपणेही साधने मांडतात, पण तपासायच्या प्रश्नाचा विचार करत नाहीत.

समारोप

तेव्हा संगणक मांडताना क्रम असा ठेवा. प्रथम एका वाक्यात प्रश्न लिहा. तो फोनवर सुटतो, वाहतुकीत सुटतो की सर्व्हरवर, ते ठरवा. त्या टोकावर तुमचा अधिकार आहे का, ते पाहा. नसेल तर स्वतःचे टोक उभारा. मगच साधन निवडा. चाचणीचा फोन वेगळा ठेवा, त्यात रोजचे सिम, यूपीआय किंवा घरच्यांचे फोटो नकोत. बूटलोडर उघडताना फोनमधले सगळे पुसले जाते हे लक्षात असू द्या. आणि प्रत्येक निरीक्षण तारीख, वेळ व ॲपच्या आवृत्तीसह वहीत नोंदवा. आवृत्ती लिहिलेली नसेल तर दुसऱ्या दिवशी ते निरीक्षण कशाचे होते, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

विचारासाठी प्रश्न

१. ब्लूटूथवरील ओळखक्रमांक ठरावीक वेळाने बदलतो की नाही, हे तपासण्यासाठी दोन फोनांची मांडणी सविस्तर लिहा. फोन एकमेकांपासून दूर असताना काय नोंदवाल?

२. सर्व्हरने क्लायंटने सांगितलेल्या ठिकाणावर विश्वास ठेवू नये, असे आपण म्हणतो. मग संपर्क-शोधाच्या ॲपमध्ये ‘आसपास किती बाधित’ ही सोय कशी द्यावी? द्यावी का?

३. तुमच्या राज्यातील एखादे शासकीय ॲप घ्या. बांधणी, जुळणी आणि दोन्ही टोके या तीन अटींवर, सर्व्हरला हात न लावता, केवळ जाहीर माहितीवरून त्याचे मूल्यमापन करा.